मर्ल ओबेरॉन: जन्म मुंबईचा, सांगितला टास्मानियाचा

ओसरीवरची

गेल्या पावसाळ्यात एका फिल्म क्लबात १९३९ चा 'वुदरिंग हाइट्स' पाहिला. कादंबरी कॉलेजात अभ्यासाला होती, तेव्हा तिचा कंटाळाच आला होता. सिनेमाने मात्र धरून ठेवलं. बाहेर पाऊस, पडद्यावर वारा आणि नायिका कॅथीच्या भूमिकेत मर्ल ओबेरॉन. संपल्यावर चहाच्या टेबलाशी एक आजोबा म्हणाले, "ही बाई मुंबईची, माहितीय ना?" मला वाटलं, आजोबा फिरकी घेताहेत. घरी येऊन शोधायला बसले आणि रात्रीचे दोन वाजले. तेव्हापासून हा धागा डोक्यात आहे.

तर, १९ फेब्रुवारी १९११, मुंबई. (तारीख लक्षात ठेवायला सोपी, शिवजयंतीची.) नाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्पसन, घरातलं नाव क्वीनी. वडील डार्लिंग्टनचे इंग्रज, इथे रेल्वेत इंजिनिअर. आई शार्लट सेल्बी, मूळची सिलोनची. तिच्या वंशात युरोपीय होते, सिंहली होते, न्यूझीलंडचे माओरीसुद्धा होते. आणि थोरली बहीण कॉन्स्टन्स.

हे घरात सांगितलं जाणारं नातं. जन्मदाखल्यावर आईच्या जागी नाव आहे कॉन्स्टन्सचं. म्हणजे जिला ती बहीण समजत वाढली ती आई, आणि जिला आई म्हणायची ती आजी. मूल झालं तेव्हा कॉन्स्टन्स शाळकरी वयाची होती आणि मुलीचा बाप हा तिच्या आईबरोबर राहणारा माणूस होता. याच्या पुढचं मी लिहीत नाही.

वडील पहिल्या महायुद्धात आघाडीवर न्यूमोनियाने गेले. १९१७ मध्ये शार्लट पोरीला घेऊन कलकत्त्याला गेली. तिथल्या ला मार्टिनिअर शाळेत मर्लला शिष्यवृत्ती मिळाली, पण घराण्यावरून टोमणे इतके की शाळा सुटली आणि पुढचं शिक्षण घरीच झालं. मग टेलिफोन ऑपरेटरची नोकरी. संध्याकाळी हौशी नाटक मंडळी, रात्री फिर्पोज हे हॉटेल. कलकत्त्याच्या साहेबी जगात फिर्पोजला दिसणं म्हणजे काय, हे तिथले जुने लोकच सांगू जाणोत.

याच फिर्पोजमध्ये तिची एका कर्नलशी ओळख झाली. तो पूर्वी सिनेमात काम केलेला होता. एकदा तो तिला घरी सोडायला आला, दारात सावळी शार्लट दिसली आणि गडी काय ते समजला. लग्नाबिग्नाचा विषय तिथेच मिटला. पण जाता जाता त्याने फ्रान्समध्ये नीसला असलेल्या रेक्स इंग्रम या दिग्दर्शकाकडे शब्द टाकायचं कबूल केलं. मायलेकी (आजी-नात म्हणा) बोटीने निघाल्या. हा किस्सा चरित्रकारांनी बराच घोळवलेला आहे, पण इंग्रमने तिला छोटं काम दिलं, हे खरं.

पुढे लंडन. कॅफे द पारीमध्ये क्वीनी ओब्रायन या नावाने नोकरी, सिनेमांत गर्दीतली कामं, आणि मग अलेक्झांडर कोर्डाची नजर. कोर्डा स्वतः हंगेरीचा, जन्मनाव शान्दोर केल्नर. नाव बदलून माणूस नव्याने उभा करायची कला त्याला स्वानुभवाने येत होती. ओब्रायनचं ओबेरॉन झालं. १९३३ च्या 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ' मध्ये ती अ‍ॅन बोलिन (हेन्री राजाची राणी) झाली. काम अगदी थोडं, कारण सुरुवातीलाच तिचं मुंडकं उडतं. पण वधस्तंभाकडे जायच्या आधी आरशासमोर केस सावरणारी ती बाई लक्षात राहते.

आता नाव झाल्यावर गाव विचारणारच लोक. तिथे टास्मानिया आला. ऑस्ट्रेलियाच्याही खालचं बेट, ब्रिटिश, गोरं, आणि मुख्य म्हणजे लांब. लंडन-हॉलिवूडहून चौकशी करायला तिथे कोण जाणार? होबार्टला जन्म झाला आणि तिथली कागदपत्रं आगीत गेली, झालं.

गंमत बघा. सुरुवातीला कोर्डाला तिचं 'वेगळं' दिसणं हवंच होतं. १९३४ मध्ये एका सिनेमात ती जपानी सरदाराची बायको झाली, दुसऱ्यात स्पॅनिश नर्तकी. मग सॅम्युअल गोल्डविनने तिला अमेरिकेत नेऊन 'द डार्क एंजल' (१९३५) मध्ये साधी इंग्लिश मुलगी केली. मेकअप उतरवला, केस साधे केले. त्या कामासाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. पुतळा बेट डेव्हिसने नेला, पण आशियाई रक्ताच्या बाईला मुख्य अभिनेत्रीचं नामांकन मिळण्याची ही पहिलीच वेळ, आणि ते तिच्याशिवाय जवळपास कुणालाच माहीत नव्हतं. २०२३ मध्ये मिशेल योला नामांकन मिळालं तेव्हा वर्तमानपत्रांना शब्द जपून वापरावे लागले: 'स्वतःला आशियाई म्हणवणारी पहिली'. तो फाटा मर्लबाईंमुळे.

१९३७ मध्ये लंडनला मोटारीचा अपघात झाला. जोसेफ फॉन स्टर्नबर्ग तेव्हा 'आय, क्लॉडियस' काढत होता, चार्ल्स लॉटन रोमन सम्राट क्लॉडियस आणि ही त्याची बायको मेसालिना. सिनेमा आधीच रखडत रडत चालला होता, अपघाताचं निमित्त झालं आणि तो गुंडाळला गेला. उरलेले तुकडे १९६५ मध्ये बीबीसीने एका माहितीपटात दाखवले. लॉटनचे ते तुकडे जरूर बघा. तिच्या चेहऱ्यावर मात्र व्रण राहिले, त्यात १९४० मध्ये सौंदर्यप्रसाधनं आणि सल्फाची औषधं यांनी कातडी आणखी बिघडवली. न्यूयॉर्कला जाऊन चेहरा घासून घेण्याचे उपचार केले, ते थोडेफारच लागू पडले.

पुढचं पटकन सांगते. १९३९ मध्ये कोर्डाशी लग्न, १९४२ मध्ये त्याला सर किताब, म्हणून ही लेडी कोर्डा. १९४५ मध्ये घटस्फोट आणि छायालेखक ल्युसियन बॅलर्डशी लग्न. त्यानंतर मेक्सिकोतला धनाढ्य इटालियन उद्योगपती, दोन दत्तक मुलं, आणि शेवटी तिच्याहून पंचवीस वर्षांनी लहान रॉबर्ट वोल्डर्स. २३ नोव्हेंबर १९७९ ला मालिबूत पक्षाघाताने गेली. तोपर्यंत तोंडातून मुंबई निघाली नव्हती.

माझं घोडं अडतं ते एका चित्रापाशी. शार्लट १९३७ मध्ये वारली. लंडनच्या घरात पाहुण्यांसमोर तिला मोलकरीण म्हणून दाखवायचे, असं सांगतात. ते वाईट आहे, पण मला समजतं, पोटापाण्याचा प्रश्न होता. पण १९४९ मध्ये, म्हणजे आजी जाऊन बारा वर्षं झाल्यावर, मर्लने जुन्या फोटोवरून तिचं तैलचित्र काढून घेतलं आणि चित्रकाराला सांगितलं, रंग उजळ करा. ते चित्र शेवटपर्यंत तिच्या घरांत भिंतीवर होतं. फसवायला आता उरलं होतं कोण?

कॅमेरा_रोल

छान लिहिलंय. पण बॅलर्डला एका ओळीत उडवलंत, त्याबद्दल निषेध! आम्हा दिवेवाल्यांच्या लेखी मर्ल ओबेरॉन म्हणजे 'ओबी'. हा दिवा बॅलर्डने तिच्यासाठी 'द लॉजर' (१९४४) च्या वेळी बनवला आणि तिच्या नावावरून तो आजही ओबी म्हणूनच ओळखला जातो.

कसा चालतो ते सांगतो. व्रण म्हणजे कातडीवरचा खड्डा किंवा उंचवटा. तो दिसतो तो रंगामुळे कमी, सावलीमुळे जास्त. एक संत्रं घ्या, खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च बाजूने धरा. सालीवरचा एकेक खड्डा चंद्रावरच्या विवरासारखा दिसेल. आता तोच टॉर्च आपल्या डोळ्याला लागून, नजरेच्या रेषेत धरा. साल सपाट होते. खड्डे तिथेच आहेत, पण त्यांची सावली बरोबर त्यांच्या मागे पडते आणि तिथे तुमची नजर पोचत नाही. बॅलर्डने तो टॉर्च लेन्सला खेटून बसवला, इतकंच. वर डोळ्यांत एक ठिपका चमकतो तो वेगळा फायदा. रीलवाली मंडळी रिंग लाइट लावतात, त्यांची ही आज्जी.

पण दिवा मंद ठेवावा लागतो आणि बाकीची प्रकाशयोजना त्याच्याभोवती जुळवून घ्यावी लागते, नाहीतर चेहऱ्याचा पापड होतो. 'द लॉजर' हा धुक्यातल्या लंडनचा, खुनाचा सिनेमा. सगळीकडे दाट काळ्या सावल्या आणि मध्ये हिचा चेहरा गुळगुळीत. नवऱ्याचं (तेव्हा होऊ घातलेल्या) प्रेमपत्रच म्हणा.

तात्या_नाना

लेख आवडला, बाई आवडली नाही. आजीला मोलकरीण करणारी व्यक्ती कितीही देखणी असो, मला तिचं कौतुक नाही. आपल्याकडेही शहरात बस्तान बसलं की गावाकडच्या बापाला 'हे आमचे ओळखीचे' म्हणणारे महाभाग होते. त्यांच्यावर आपण लेख लिहितो का?

वकीलसाहेब_नव्हे

तात्या, जरा थांबा. काळ बघा.

अमेरिकेने १९१७ च्या कायद्याने जवळपास सगळ्या आशियातून येणाऱ्यांना दार बंद केलं होतं, हिंदुस्थान त्यात आलाच. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हिंदुस्थानी माणूस 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. ते दार किलकिलं झालं १९४६ मध्ये, तेही वर्षाला शंभर माणसांपुरतं. म्हणजे बाईंचा भराचा सगळा काळ या दोन तारखांच्या मध्ये येतो. पितळ उघडं पडलं असतं तर फक्त गावगप्पा झाल्या नसत्या, देशात राहण्यावरच गदा येऊ शकली असती.

धंद्याची बाजू वेगळीच. पडद्यावर गोऱ्या-काळ्यांचे प्रेमसंबंध दाखवायला सिनेमाच्या आचारसंहितेत मनाई होती आणि स्टुडिओ ती आशियाई नटनट्यांनाही लावत. अ‍ॅना मे वाँगचं काय झालं बघा. जन्म लॉस एंजेलिसचा, चिनी वंश, उघडपणे. १९३७ च्या 'द गुड अर्थ' मध्ये चिनी शेतकऱ्याच्या बायकोचं काम तिला मिळालं नाही, कारण शेतकरी होता पॉल म्यूनी, रंग लावलेला गोरा. ते काम लुईझा रायनरने केलं आणि ऑस्करही नेलं. मर्ल हे सगळं त्याच गावात राहून बघत होती. खरं सांगून काय मिळतं, ते तिच्या डोळ्यांसमोर होतं.

तात्या_नाना

कायद्याचं माहीत नव्हतं, मान्य. मोलकरणीचं अजूनही घशाखाली उतरत नाही.

गिरगावकर_७१

मला दुसऱ्याच एका टेलिफोन ऑपरेटरची आठवण झाली. रूबी मायर्स! जन्म १९०७, पुण्याचा, बगदादी ज्यू घराणं. तीही टेलिफोनवरच काम करत होती, मोहन भवनानींनी तिला सिनेमात आणलं आणि ती झाली सुलोचना. (आपल्या सुलोचनादीदी नव्हेत, नवी मंडळी गोंधळ करतात.) 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे' मध्ये तिने आठ भूमिका केल्या, तिचा पगार गव्हर्नरपेक्षा जास्त असल्याच्या कथा अजून सांगतात. १९७३ चा फाळके पुरस्कारही तिला मिळाला.

'लाइट ऑफ एशिया' मधली सीतादेवी म्हणजे रेने स्मिथ. त्या काळात चांगल्या घरच्या हिंदू-मुसलमान मुली कॅमेऱ्यासमोर उभ्या राहायला तयार नसत, म्हणून अँग्लो इंडियन आणि ज्यू मुलींना वाट मिळाली. पण नाव मात्र सीता, सुलोचना असंच पाहिजे. मर्ल कलकत्त्यात थांबली असती तर कदाचित ती 'माधुरी' किंवा 'ललिता' झाली असती. खोटं नाव दोन्हीकडे होतंच. फरक एवढाच की सुलोचनाला तिच्या प्रेक्षकांनी रूबी म्हणून ओळखलं तरी तिचं काही बिघडत नव्हतं.

ओसरीवरची

@गिरगावकर_७१, हे फार मोलाचं. दोघीही टेलिफोनवरच्या, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ते काम करणाऱ्या मुलींना इंग्रजी बोलणं साफ लागायचं, आणि समोरच्याला फक्त आवाज ऐकू येणार, रंग दिसणार नाही.

हापूस_नसलेला

अवांतर: 'वुदरिंग हाइट्स' ची खरी गंमत पुस्तकात आहे. त्यात काळासावळा, कुठून आला ते माहीत नसलेला आहे तो नायक हीथक्लिफ. पहिल्यांदा त्याला बघून शेजारी म्हणतात, हा 'लॅस्कर' असावा. लॅस्कर म्हणजे आपल्याकडचे खलाशी हो! आमच्या रत्नागिरीकडचे कितीतरी जण गोऱ्यांच्या बोटींवर असेच गेले. घरातली मोलकरीण नेली तर त्याला धीर देताना म्हणते, कोण जाणे, तुझी आई हिंदुस्थानची राणी असेल.

आणि सिनेमात? हीथक्लिफ झाला लॉरेन्स ऑलिव्हिए, आणि मुंबईची क्वीनी झाली गोरी कॅथी. उलटापालट करायची तर इतकी!

पडद्यामागचा_पोपट

त्यात भर. कॅथीचं काम ऑलिव्हिएला व्हिव्हियन लीसाठी हवं होतं. तिला दुय्यम नायिकेचं काम देऊ केलं, ते तिने नाकारलं. व्हिव्हियन लीचा जन्म दार्जिलिंगचा! म्हणजे यॉर्कशरच्या माळरानावरच्या मुलीसाठी भांडण कुणात, तर मुंबई आणि दार्जिलिंगमध्ये. पुढे ऑलिव्हिएला भेटायला म्हणून लीबाई कॅलिफोर्नियात गेल्या आणि 'गॉन विथ द विंड' ची नायिका स्कार्लेट ओहारा होऊन बसल्या. इकडे सेटवर ऑलिव्हिए आणि मर्ल यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. एकदा प्रेमाचे संवाद म्हणताना थुंकी उडाली म्हणून जुंपली होती. सिनेमाला आठ नामांकनं होती, त्यात ऑलिव्हिए होता, मर्ल नव्हती. पुतळा मिळाला तो ग्रेग टोलंडच्या छायालेखनाला.

मेलबर्नचा_मिसळप्रेमी

टास्मानियाबद्दल इकडून लिहितो. १९७८ मध्ये होबार्टच्या लॉर्ड मेयरने बाईंचा स्वागतसमारंभ ठेवला. भूमिकन्या म्हणून! आयत्या वेळी मेयरसाहेबांच्या कानावर आलं की इथे जन्माची नोंदच नाही. पण आमंत्रणं गेली होती, समारंभ झाला. बाई आल्या आणि थोड्याच वेळात तब्येत बरी नाही म्हणून उठल्या. वाटेत ड्रायव्हरला त्यांनी वेगळीच गोष्ट सांगितली होती: लहानपणी वडिलांबरोबर बोटीत होते, होबार्टजवळ वडील आजारी पडले म्हणून उतरलो आणि काही काळ इथे राहिलो. सदुसष्ट वर्षांची बाई, गाडीत बसल्या बसल्या गोष्टीला ठिगळ लावतेय. वर्षभरात गेली.

याहून मोठी मजा पुढे आहे. टास्मानियातले कितीतरी लोक आजही मानत नाहीत की ती मुंबईची. त्यांच्याकडे वेगळीच कथा आहे: सेंट हेलेन्स गावच्या हॉटेलात काम करणाऱ्या चिनी मुलीची ती लेक. २००२ च्या 'द ट्रबल विथ मर्ल' या माहितीपटात ही माणसं भेटतात. म्हणजे तिने गोरी दिसायला टास्मानिया निवडला आणि टास्मानियाने तिला परस्पर चिनी करून टाकलं.

जन्मदाखल्याचं पण सांगतो. तो मुंबईच्या सरकारी दप्तरातून शोधून काढला कॉन्स्टन्सच्याच एका मुलाने. तोवर तो स्वतःला मर्लचा भाचा समजत होता. कागद हातात आल्यावर कळलं, भाचा नव्हे, भाऊ. तो तिला भेटायला लॉस एंजेलिसला गेला. तिने भेट नाकारली.

तात्या_नाना

आता मात्र वाईट वाटलं. दोघांचंही.

वरणभात

त्या चित्राबद्दल. ओसरीताई, 'फसवायला उरलं होतं कोण' असं तुम्ही विचारलंत. घरी पाहुणे येतच होते की, पार्ट्या होतच होत्या. 'ही कोण?' असं कुणी विचारलं तर उत्तर तयार पाहिजे.

माझ्या आजेसासूबाईंचा लग्नातला फोटो आहे. स्टुडिओवाल्याने ब्रशने गाल गोरे केलेले, हात तसेच राहिलेत. आम्ही सगळ्या हसतो त्याला. तुमचा लेख वाचून परत बघितला. हात खरे आहेत.

ओसरीवरची

@वरणभात, पाहुण्यांचं पटतंय. तरी मला वाटतं, पाहुण्यांसाठी सगळ्यात सोपं होतं चित्र न लावणं. मोलकरीण म्हणून ज्या बाईला सांगितलं, तिला ती आई म्हणून दिवाणखान्यात घेऊन आली, पण तिने ठरवलेल्या रंगात. तात्यांचा राग आणि वकीलसाहेबांचे कायदे दोन्ही मला खरे वाटतात, म्हणून बाजू घेत नाही.

कुणाला सुरुवात करायची असेल तर 'वुदरिंग हाइट्स' आधी बघा आणि मग 'द लॉजर'. दोन्हींतला तिचा चेहरा ताडून बघा, मध्ये अपघाताचे व्रण आणि औषधांनी खराब झालेली कातडी आहे हे लक्षात ठेवून. १९५४ च्या 'देझिरे' मध्ये ती मार्लन ब्रँडोच्या नेपोलियनची जोसेफीन आहे, सिनेमा यथातथाच, पण टाकलेल्या राणीचं काम तिने फार शांतपणे केलंय.

मुकी_मैना

वाचनखूण साठवली. कॅमेरा_रोल, संत्र्याचा प्रयोग केला. संत्री नव्हती म्हणून कारल्यावर केला. समोरून टॉर्च मारल्यावर कारलं चक्क काकडीसारखं दिसायला लागलं. मुलाला बोलावून दाखवलं, तो म्हणाला, भाजीला पण हाच लाइट लाव.